सळई, सिमेंट आणि साडेत्रेसष्ट अंश

मुंबईच्या ओव्हल मैदानात उभे राहून आधी पूर्वेकडे पाहावे. उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. टोकदार कमानी, कोरीव दगड, निमुळते मनोरे, आणि भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस सहज बसेल. मग मागे वळून पश्चिमेकडे पाहावे. तिथे पाच-सहा मजल्यांच्या मोतिया, पिवळसर, फिकट हिरव्या इमारतींची एक ओळ आहे. बाल्कन्यांचे कोपरे गोल वळलेले, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे, आणि भिंती खूप हलक्या. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. समोरच्या ओळीतल्या बहुतेक इमारती १९३०च्या दशकातल्या. म्हणजे मैदानाच्या दोन काठांमध्ये जेमतेम साठ वर्षे आहेत. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या दोन्ही काठांना, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह, एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत ९४ इमारती आहेत.

पर्यटकांना ही गोष्ट शैलींची म्हणून सांगितली जाते: अलीकडे व्हिक्टोरियन गॉथिक, पलीकडे आर्ट डेको. ते खरेच आहे, पण शैली हा सगळ्यात वरचा थर. त्याखाली एक नवा माल आहे, जमिनीखालून गेलेली एक गटारवाहिनी आहे आणि सरकारी दप्तरातला एक कोन आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर मुंबईची पाच-सहा मजली ‘बिल्डिंग’ जन्मालाच आली नसती. माझ्या मते या शहराने घडवलेली सगळ्यात शहाणी वास्तू हीच. मनोऱ्यांचा मान त्यानंतरचा.

दगडाविटांच्या घराची अडचण सोपी आहे. वीट आणि दगड दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून अशा घरात भिंत केवळ आडोशाचे काम करत नाही, सगळा भार तिच्यावरच असतो. वरच्या मजल्याला एका विटेची, म्हणजे नऊ इंची भिंत पुरते. खाली येऊ तशी ती दीड विटेची, मग दोन विटांची करावी लागते. मजले वाढवत गेले की तळमजल्यावर घर कमी आणि भिंत जास्त अशी वेळ येते. शिकागोतल्या मोनॅडनॉक इमारतीने १८९१ साली या पद्धतीची हद्द गाठली. सोळा मजले विटांच्या भिंतींवर उभे केले, आणि तळाला त्या भिंती सहा फूट जाड झाल्या.

मुंबईच्या गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या घरांनी वेगळी वाट काढली होती. सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधे विटांची भरणी, चुन्याचा गिलावा, वर कौले. चुना घाण्यात मळून घ्यायचा, त्यात विटांची पूड म्हणजे सुरखी मिसळायची. हा सांगाडा तीन-चार मजले सहज पेलतो. लाकूड वाकते, कुरकुरते, पण एकदम दगा देत नाही. त्याचे वैरी तीन: वाळवी, आग आणि संडास-मोरीतून झिरपणारे पाणी. आज पडायला आलेल्या जुन्या चाळीत सगळ्यात आधी कुजलेले असते ते मोरीजवळचे तुळईचे टोक.

मधल्या काळात लोखंडाचाही एक प्रयोग झाला. काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल, आताचे एस्प्लनेड मॅन्शन, १८६०च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. त्याचा ओतीव लोखंडाचा सगळा सांगाडा इंग्लंडात तयार झाला, सुटा करून जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच इमारतीत. सांगाडा भार घेतो आणि भिंत केवळ पडदा उरते, ही कल्पना मुंबईत अशी आधीच येऊन पोचली होती. पण खांब साता समुद्रांपलीकडून आणायचे हा धंदा बड्या हॉटेलाला परवडेल, कारकुनाच्या घराला नाही. सामान्यांच्या घरासाठी सांगाडा जागच्या जागी, हाताने, घमेल्याने ओतता यायला हवा होता.

ते जमवले आरसीसीने, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटने. त्याची सुरुवात अगदी साधी आहे. जोसेफ मॉनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने १८६७ साली लोखंडी जाळी घालून केलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. पुढे फ्रान्सवा एनबिकने १८९२ साली खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध ओतायची पद्धत पेटंट केली आणि कुंडीची इमारत झाली.

या मालाची करामत समजून घ्यायला एक खोडरबर पुरे. तो दोन्ही टोकांना टेकवून मधे दाबला की वरची बाजू आवळली जाते आणि खालची ताणली जाते. तुळईचेही तसेच. काँक्रीट आवळून घ्यायला तयार असते, पण ताणले की तडकते. म्हणून जिथे ताण येणार तिथे, म्हणजे तुळईच्या पोटात, सळई घालतात. बाल्कनीत मात्र गणित उलटते. ती एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वर लागते. स्लॅब भरताना मजूर बाल्कनीच्या जाळीवर चालले आणि सळई दबून खाली गेली, तर वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. बाल्कनी मात्र मृत्युपंथाला लागते. जाळी वर तोलून धरणाऱ्या ‘चेअर’ आणि खाली ठेवायचे ‘कव्हर ब्लॉक’ या किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंवर माणसांचे जीव तोललेले असतात ते असे.

आता खरा चमत्कार. लोखंड आणि काँक्रीट हे मुळात अगदी वेगळ्या जातीचे पदार्थ. तरी उन्हाने दोन्ही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. तसे नसते तर मुंबईच्या पहिल्याच उन्हाळ्यात सळई काँक्रीटपासून सुटली असती. दुसरे असे की ताजे काँक्रीट कमालीचे अल्कधर्मी असते, त्याचा सामू बारा-तेराच्या घरात असतो. अशा वातावरणात पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो आणि गंज चढत नाही. म्हणजे काँक्रीट सळईला नुसते धरून ठेवत नाही, सांभाळतेही. ही जोडी कोणी प्रयोगशाळेत जुळवलेली नाही; दोन्ही गुण आयतेच मिळाले.

आणखी एक गैरसमज दूर करावा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि हे काम आठवडेच्या आठवडे चालू राहते. अभियंते ताकद मोजतात ती अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणून स्लॅब टाकल्यावर त्यावर मालाची आळी करून पाणी साठवून ठेवतात, खांबांना गोणपाट गुंडाळून दिवसातून अनेकदा पाणी मारतात. पाणी मारण्यात हयगय झाली तर बाहेरून खांब तसाच दिसतो, आत कच्चा राहतो. स्लॅब शक्यतो एका दमात पुरा करायचा, हा नियमही यातूनच आला. अर्धवट थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे भरला तर जुन्या-नव्याच्या सांध्यात फट राहते आणि पावसाळ्यात तिथून पाणी गळते. रेडीमिक्सचे ट्रक येण्यापूर्वी स्लॅबचा दिवस म्हणजे जत्राच असे. नारळ फुटायचा, मिक्सर धडधडायचा, मुकादम ओरडायचा, आणि माणसांच्या रांगेतून घमेली हातोहात परांचीवर चढत जायची. प्रमाण ठरलेले: एक सिमेंट, दोन रेती, चार खडी. संध्याकाळी काम संपले की सगळ्यांना जेवण.

घमेली उचलणारे हे हात प्रामुख्याने मुंबईबाहेरचे. तेलुगू भागातून आलेल्या कामाठी मजुरांच्या वस्तीवरून कामाठीपुऱ्याला नाव पडले ते एकोणिसाव्या शतकात. पुढेही पालमूर, म्हणजे महबूबनगर, भागातले मजूर इथल्या बांधकामांवर पिढ्यान् पिढ्या येत राहिले. आर्ट डेकोवरच्या चकचकीत पुस्तकांत त्यांना सहसा जागा मिळत नाही.

माल परदेशातून येत होता तोवर मात्र हे सगळे महागच होते. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला. त्याआधी दोन वर्षे जमशेदपूरला पोलाद निघू लागले होते. पहिल्या महायुद्धानंतर सिमेंटचे इतके कारखाने निघाले की एकमेकांचे भाव पाडून ते बुडायला आले. तेव्हा कारखानदारांनी शहाणपणा केला. १९२७ साली काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे काम माल विकणे नव्हते, मालाची सवय लावणे होते. पुस्तिका, नकाशे, फुकट तांत्रिक सल्ला. १९३६ साली एफ. ई. दिनशॉ यांच्या पुढाकाराने दहा कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन एसीसी जन्माला आली, पण दिनशॉ स्वतः त्याआधीच, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, वारले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. नव्या घरात स्वयंपाकघर कसे असावे, न्हाणीघर कसे, दिवे कसे, हे लोकांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांचे आदर्श घरांवरचे इंग्रजी पुस्तक १९३९चे. सिमेंट घरोघरी पोचवायला जेवढे खडी-रेतीचे ट्रक लागले तेवढीच ही छापील पानेही लागली.

पण माल असून भागत नाही. लोक कसे राहणार हे आधी ठरावे लागते, आणि मुंबईत ते ठरवले प्लेगने.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर रिकामे होऊ लागले. सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला आणि त्याने दाट वस्त्यांतून सरळ रस्ते काढायला घेतले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे मोहम्मद अली रोड. त्याचबरोबर उत्तरेला दादर-माटुंग्याची शेते-वाड्या संपादन करून तिथे आखीव नगर वसवायची योजना निघाली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रोग अंधारात आणि कोंदट हवेत पोसला जात असे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर घरातला उजेड आणि हवा हाच ध्यास घेतला होता.

त्यातूनच तो प्रसिद्ध कोन आला: साडेत्रेसष्ट अंश. नियम असा की खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ काढली तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असू नये. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब सोपा आहे. या कोनात उंची ही अंतराच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे समोरची इमारत साठ फूट उंच असेल तर मधे तीस फूट मोकळे हवे. लंडनच्या १८९४च्या इमारत कायद्यातही हाच कोन आहे. एवढ्या एका नियमाने शहराचा आकार बदलला. शेजारच्या घराच्या भिंतीला भिंत लावून बांधायची जुनी रीत नव्या वसाहतींत संपली. इमारत आपल्या प्लॉटच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळी उभी राहू लागली. आणि उंच जायचे तर तितकी जागा सोडा, म्हणजे पाच-सहा मजल्यांवर हिशेब आपोआप थांबू लागला. दादरच्या हिंदू कॉलनीतून किंवा पारशी कॉलनीतून चालताना डोक्यावर आभाळ नीट दिसते, दोन इमारतींमध्ये अशोकाचे किंवा आंब्याचे झाड मावते, त्याचे श्रेय मी वास्तुकारांइतकेच या कोनाला देतो.

तिसरी गोष्ट गटाराची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. त्याहून जुन्या घरांत पाट्यांचे संडास. दोन घरांमधल्या अरुंद घरगल्लीतून सफाई कामगाराने येऊन मैला उचलून न्यायचा. महापालिका त्यासाठी ‘हलालखोर’ नावाचा करच घेत असे. संडास घरात असणे हे सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेत बसत नव्हते. भुयारी गटार आणि फ्लश आल्यावर ते बसू लागले, कारण घाण दिसेनाशी झाली आणि ती नेणारा माणूसही घरापासून दूर झाला. पूर्ण नाही. दादर-माटुंग्याच्या आणि दक्षिण मुंबईच्या कित्येक इमारतींच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिना अजून दिसतो. तो सफाई कामगारांसाठी होता. पुढच्या दाराने त्यांनी येऊ नये याची सोय काँक्रीटच्या अत्याधुनिक इमारतीतही केलेली होती.

नळ, संडास, न्हाणी, स्वयंपाकघर सगळे एका दाराच्या आत, अशा घराला मराठी माणूस ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ म्हणू लागला. चाळीतल्या खोलीतून ब्लॉकमध्ये जाणे ही १९३०-४०च्या दशकात मध्यमवर्गाची मोठी झेप होती. त्यासाठी पैसे एकट्याने उभे करणे जड, म्हणून सहकार आला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नांनी गावदेवीत १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी ही देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची आद्य संस्था मानली जाते. आज प्रत्येक इमारतीच्या फाटकावर ‘को. ऑप. हौ. सो. लि.’ ही अक्षरे असतात, त्यांचा वंशवृक्ष गावदेवीपर्यंत जातो.

एवढ्यात नवी जमीनही हाती आली. बॅकबे भरून काढायची योजना मुंबईने १८६०च्या दशकातच आखली होती. कापसाच्या सट्ट्याबरोबर ती १८६५ साली बुडाली. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ती पुन्हा काढली. मनसुबा ११४५ एकरांचा. कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने दगड आला, समुद्रात भिंत उभी राहिली, तळाचा गाळ उपसून आत सोडला गेला. खर्च फुगत गेला आणि जमीन काही तयार होईना. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली आणि योजनेला ‘लॉइड साहेबांचा वेडेपणा’ असे नावच पडले. शेवटी निम्म्याहून कमी जमीन भरून काम आवरते घेतले. त्याच सुमारास, १९३०च्या अखेरीस, ओव्हलच्या कडेने कुलाब्यापर्यंत जाणारी रेल्वे बंद झाली आणि गाडी चर्चगेटला थांबू लागली. रूळ गेले, समुद्र मागे हटला, आणि शहराच्या ऐन मध्यात कोरे प्लॉट तयार झाले.

त्या प्लॉटवर जे उभे राहिले ते नियमांनी बांधलेले होते. उंची सारखी, रस्त्यापासूनचे अंतर सारखे. म्हणून मरीन ड्राइव्हची ओळ एका हाताने काढल्यासारखी दिसते, जरी मालक वेगळे, वास्तुकार वेगळे. या वास्तुकारांत गजानन बा. म्हात्रे यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. मरीन ड्राइव्हवरचा सूना महाल आणि ओव्हलसमोरचे एम्प्रेस कोर्ट हे त्यांचे. कोपऱ्यावरचा प्लॉट म्हात्र्यांच्या हाती आला की इमारत त्या कोपऱ्याभोवती वळे. टोकाला अडसर म्हणून खांब उभा राहत नसे. दगडाच्या इमारतीत कोपरा ही सगळ्यात भक्कम जागा असावी लागते, तिथे खिडकी काढणे म्हणजे घर पाडण्याची तयारी. आरसीसीत खांब आत सरकवता येतो आणि कोपरा पूर्ण मोकळा सोडता येतो. कोपऱ्यावरची गोल खिडकी, अधांतरी बाल्कनी, उन्हापावसाला अडवणारा लांबलचक छज्जा ही सगळी आर्ट डेकोची ओळख, आणि यातली प्रत्येक गोष्ट सळईच्या जोरावर उभी आहे. जहाजाच्या खिडक्या, लाटा, उगवते सूर्य हे अलंकार मग ओल्या गिलाव्यात वरून काढले. जमिनीवर मोझॅकच्या लाद्या आल्या. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेने सुरू केलेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्सने परदेशी लाद्यांना तोडीस तोड माल दिला. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ची इमारत आणि चर्चगेटसमोरचे १९३८चे इरॉस थिएटर ही याच लाटेतली.

तोच माल गरिबांच्या वाट्याला कसा आला हे पाहायचे तर वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर जावे. लॉइड यांच्याच काळात नेमलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, १९२०च्या दशकात तिथे २०७ चाळी बांधल्या. तळ अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सगळे काँक्रीटचे. मरीन ड्राइव्हच्या आधी, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर, मुंबईत काँक्रीट ओतले गेले ते इथे. बाल्कनी नाही, गोलाई नाही. गिरणी कामगार त्यांना तुरुंग म्हणत आणि भाडे परवडत नाही म्हणून सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. एकच पदार्थ, एकच दशक-दीड दशक. फरक पडला तो कोणाच्या वाट्याला किती चौरस फूट येतात यामुळे.

आता समुद्राकडे वळू. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपतो आणि त्याची अल्कता कमी करत जातो. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड त्याहून घाईचे. ते थेट सळईवरचा संरक्षक थर फोडतात. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीट आतून फुगते, तडकते, छज्ज्याचा पोपडा निसटतो आणि तपकिरी सळई उघडी पडते. मुंबईकराला हे दृश्य नवे नाही. तपासणीची एक पद्धत मला विशेष आवडते. काँक्रीटचा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतात. जिथे अल्कता शिल्लक आहे तिथे रंग गडद गुलाबी होतो. जिथे गेली तिथे काँक्रीट कोरेच राहते. गुलाबी रेषा सळईच्या बाहेर असेल तर इमारतीला वेळ आहे.

समुद्राच्या जोडीला माणसांनीही हातभार लावला. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. भाडेकरू वाचला, पण दुरुस्तीला मालकाकडे ना पैसा उरला ना इच्छा. १९६९ साली सरकारने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले, तेव्हा शहरात अशा १९,६४२ इमारती भरल्या. त्यात लाकडी सांगाड्याच्या चाळी होत्या तशा काँक्रीटच्याही. त्यानंतरच्या इमारतींचे दुखणे आणखी निराळे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, परवान्यावर मोजक्या गोण्या मिळत, आणि त्या वाटपाच्या वादात १९८२ साली एका मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले. टंचाईच्या त्या दशकांत गोण्या वाचवायची सवय लागली, आणि खाडीतून काढलेली रेती पुरेशी न धुता मिक्सरमध्ये जायची. म्हणजे मीठ बाहेरून यायची वाटही पाहावी लागली नाही, ते जन्मापासूनच आत होते. म्हणून १९३८ची इमारत ताठ आणि १९७८ची टेकू लावलेली, असे उलटे दृश्य एकाच रस्त्यावर दिसते. नियमाने आता तीस वर्षे झालेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते.

दुरुस्ती अशक्य नसते. सैल काँक्रीट ठोकून काढतात, गंज घासतात, नवी सळई जोडतात, खांबाला बाहेरून काँक्रीटचे कवच देतात, ज्याला जॅकेटिंग म्हणतात. पण चटई क्षेत्राच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याच्या, गणितात दुरुस्तीपेक्षा पाडणे किफायतशीर ठरते. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या कलमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला जादा चटई क्षेत्र दिले. जुन्या भाडेकरूंना फुकट घर, विकासकाला वर विकायला मजले. साहजिकच सहा मजल्यांच्या जागी वीस, तीस, चाळीस मजले येतात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या घरांचे मनोरे चाळीस मजल्यांचे आहेत. शंभर वर्षे १६० फुटांत काढलेल्या घराण्यांना यात आनंद झाला तर त्यांना दोष देता येणार नाही. कोनाचे काय झाले, हा प्रश्न मात्र उरतो. आजच्या नियमांतही उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडायची असते, पण ती कमी पडली तर प्रीमियम भरून सूट घेता येते. ऑर साहेबांचा उजेड आता पैशांत मोजला जातो.

या मनोऱ्यांचा मालही बदलला आहे. भिंतींसाठी विटेऐवजी एएसी ब्लॉक: औष्णिक वीज केंद्रातली राख, चुना, सिमेंट आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड. पूड चुन्याशी भिडली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, लगदा फुगतो, आणि तयार ब्लॉक विटेच्या जेमतेम एक-तृतीयांश वजनाचा होतो. खाडीच्या रेतीच्या जागी दगड फोडून केलेली क्रश सँड. फळ्या-बल्ल्यांच्या सेंटरिंगच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे साचे, ज्यांना साइटवर सगळे मायवान म्हणतात. त्यात भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात, आठवड्याला एक मजला या वेगाने. गिलावा लागत नाही, गवंडीही फारसे लागत नाहीत. त्याची किंमत पुढच्या पिढीला कळेल, कारण अशा घरात प्रत्येक भिंत भार घेते. खोली मोठी करायची म्हणून भिंत पाडता येत नाही. खांब-तुळईच्या सांगाड्याने जे स्वातंत्र्य दिले होते ते इथे पुन्हा गेले, आणि भिंत पुन्हा विटांच्या काळासारखी अचल झाली.

पाडलेल्या इमारतीच्या मालाची वाटणी पाहण्यासारखी असते. लाकडी चाळ उतरवली तर जवळजवळ सगळे विकले जाते: बर्मा साग जुन्या लाकडाच्या वखारींत, कौले आणि अखंड विटा गावाकडच्या घरांना, कठडे जुन्या वस्तूंच्या बाजारात. काँक्रीटच्या इमारतीतून भाव येतो फक्त सळईला. ब्रेकरने फोडलेल्या ढिगाऱ्यातून ती ओढून, वाकवून, गठ्ठे बांधून भंगारात जाते. भंगार पोलाद वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या महाराष्ट्रात जालन्याला एकवटल्या आहेत. अशा भट्टीत १९३०च्या दशकातली गुळगुळीत गोल सळई जाते आणि अंगावर कंगोरे असलेली टीएमटी होऊन बाहेर पडते. काँक्रीटच्या ढिगाऱ्याला मात्र फार काळ भरणीशिवाय उपयोग नव्हता. २०१६च्या भारतीय मानकाने हा ढिगारा दळून केलेली खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरायला परवानगी दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत, आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंतच, तेही वीस टक्क्यांच्या मर्यादेत.